हत्ती, ज्वालामुखी आणि ट्रॉली : इटलीच्या मूक भव्यपटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या छोट्याशा फिल्म क्लबात दर पावसाळ्यात एखादा लांबलचक मूकपट लावायची प्रथा आहे. इटलीचा ‘काबीरिया’ लावला की निम्मी मंडळी चहाच्या वेळेला पसार होतात. उरलेली निम्मी खेळ संपल्यावर खुर्च्या उचलता उचलता तेच ते प्रश्न विचारतात. दरवर्षी तोंडी उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून यंदा एकदाच लिहून काढतो आहे. प्रश्न त्यांचे आहेत, मतं माझी.

‘इटालियन भव्यपट’ म्हणजे नेमके कोणते चित्रपट?

साधारण १९०८ ते १९१४ या सहा-सात वर्षांत इटलीत जे ऐतिहासिक-पौराणिक मूकपट निघाले, ते. रोम, त्याचं उत्तर आफ्रिकेतलं वैरी शहर कार्थेज, ट्रॉय, ज्वालामुखीने गाडलेलं पॉम्पेई, इटालियन कवी दान्तेचा नरक असे त्यांचे विषय. तोरिनो शहरातल्या आम्ब्रोझिओ कंपनीचा ‘पॉम्पेईचे अखेरचे दिवस’ १९०८ साली आला आणि परदेशात चालला, तिथून ही लाट उठली. पुढे १९११ मध्ये ‘ट्रॉयचा पाडाव’ आणि ‘लिंफेर्नो’, १९१३ मध्ये ‘कुओ वादिस’, आणि १९१४ मध्ये ‘काबीरिया’. नंतरही रोमन चित्रपट निघत राहिले, पण तोवर ती लाट ओसरली होती.

त्याआधीचं एक साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. २० सप्टेंबर १९०५ रोजी रोममध्ये पोर्ता पिया या वेशीजवळ फिलोतेओ आल्बेरिनीचा ‘रोमचा कब्जा’ उघड्यावर दाखवला गेला. इटलीचा हा पहिला कथापट मानतात. १८७० साली ज्या वेशीशी तटाला भगदाड पाडून इटलीच्या सैन्याने रोम घेतलं, त्याच वेशीपाशी, त्याच तारखेला त्याच घटनेचा चित्रपट! इटालियन सिनेमाचा पाळणा असा इतिहासाच्या अंगणातच हलला. आल्बेरिनीची कंपनी पुढच्याच वर्षी ‘चिनेस’ झाली, आणि ‘कुओ वादिस’ काढला तो याच चिनेसने.

पण इटलीतच का? पैसा तर फ्रान्स-अमेरिकेकडे होता.

याचं एकच एक कारण सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

अवशेष होते, ऊन होतं, हे तर झालंच. शिवाय ऑपेरा होता. व्हेर्दीच्या ‘आइदा’सारख्या ऑपेरांमुळे मिरवणुका, देवळं आणि शेकडो माणसं रंगमंचावर हलवण्याची सवय असलेले नेपथ्यकार, शिंपी आणि सुतार तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते. एक्स्ट्रा म्हणून उभी राहणारी माणसं स्वस्तात मिळत. चित्रपटात पैसा घालायला काही उमराव घराणीही पुढे आली होती. आणि मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या बदलल्या की तोच चित्रपट लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये किंवा ब्युनोस आयरेसमध्ये चालायचा. नीरो, हॅनिबल, ट्रॉयचा लाकडी घोडा हे तिकडच्या शाळकरी पोरांना पाठ. आपल्याकडे पडद्यावर हनुमान आला की कोणी ‘हा कोण?’ असं विचारत नाही, तसंच.

आणखी एक गोष्ट. १९११ साली इटलीच्या एकीकरणाला ५० वर्षं झाली. नव्या देशाला जुना मोठेपणा हवाच असतो. त्याच वर्षी इटलीने लिबियासाठी तुर्कांशी युद्ध सुरू केलं. त्याबद्दल पुढे बोलू.

यातला पहिला खरोखर लांबीचा चित्रपट कोणता?

‘लिंफेर्नो’, म्हणजे दान्तेचा नरक. मिलानो फिल्म्स कंपनीचा. १० मार्च १९११ रोजी नेपल्सच्या मेर्कादान्ते नाट्यगृहात तो पहिल्यांदा दाखवला गेला. बनायला तीन वर्षांच्या आसपास लागली, आणि त्याची लांबी एक तासाच्या वर होती. त्या काळात चित्रपट म्हणजे एका रिळाचा, दहा-पंधरा मिनिटांचा मामला. लोक मध्येच येत, मध्येच उठत. तास-सव्वा तास एकच गोष्ट बघायला माणसं बसतील का, हीच खरी शंका होती. बसली. तीही नाट्यगृहात, रीतसर तिकीट काढून.

दिग्दर्शक तीन होते : फ्रान्चेस्को बेर्तोलिनी, आदोल्फो पादोव्हान आणि जुझेप्पे दे लिगुओरो. दृश्यांची रचना फ्रेंच चित्रकार गुस्ताव दोरेने दान्तेसाठी काढलेल्या चित्रांवरून जवळपास उचललेली आहे. मला यातलं स्वतःचं कापलेलं मुंडकं कंदिलासारखं हातात धरून येणारं भूत फार आवडतं. एका चौकटीवर दुसरी चौकट चढवण्याच्या आणि काळ्या पडद्यासमोर चित्रण करण्याच्या युक्त्यांवर हे सगळं उभं आहे. शेवटी ल्युसिफर एका माणसाला चघळताना दिसतो, तेव्हा आमच्या क्लबातही शांतता पसरते.

गंमत म्हणजे रोमजवळच्या व्हेल्लेत्री गावातल्या हेलिओस नावाच्या लहान कंपनीने घाईघाईत आपला छोटा ‘नरक’ आधी बाजारात आणून मिलानोवाल्यांवर कुरघोडी केली होती. १९१३ मध्ये ‘पॉम्पेई’च्या बाबतीतही तेच झालं. तोरिनोतल्याच दोन कंपन्या, आम्ब्रोझिओ आणि पास्क्वाली, एकाच वर्षी तोच ज्वालामुखी घेऊन मैदानात उतरल्या. एकाच विषयावर दोन चित्रपट एकदम येण्याला आपण आजकालचा रोग समजतो, पण तो शंभर वर्षांपेक्षा जुना आहे.

‘कुओ वादिस’ने काय वेगळं केलं?

त्याने दर बदलला. तिकिटाचा.

पोलिश लेखक हेन्रिक शेन्केविचची ही कादंबरी युरोपभर वाचली गेली होती, आणि शेन्केविचला १९०५ साली नोबेलही मिळालं होतं. चिनेससाठी तिच्यावर चित्रपट केला एन्रिको ग्वाझ्झोनीने. तो मुळात चित्रकलेतला माणूस, आणि ते चौकटीचौकटीत दिसतं. रिंगणातली काही दृश्यं त्याने फ्रेंच चित्रकार जेरोमच्या प्रसिद्ध चित्रांवरून थेट उभी केली. खाली पडलेल्या ग्लॅडिएटरचं काय करायचं ते प्रेक्षक अंगठा वळवून ठरवताहेत, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतं. ते रोमन इतिहासातून कमी आणि जेरोमच्या १८७२ सालच्या चित्रातून जास्त आलेलं आहे. २००० सालच्या ‘ग्लॅडिएटर’च्या निर्मात्यांनी दिग्दर्शक रिडली स्कॉटला कथेआधी हेच चित्र दाखवलं होतं. म्हणजे ही वंशावळ अजून चालू आहे.

न्यूयॉर्कमध्ये एप्रिल १९१३ मध्ये हा चित्रपट अ‍ॅस्टर थिएटरात लागला, म्हणजे ब्रॉडवेवरच्या खऱ्या नाट्यगृहात. अमेरिकेत तोवर चित्रपट पाच-दहा सेंटांत बघायला मिळत. इथे तिकीट नाटकाच्या दराने, डॉलरच्या घरात. दोन तासांचा खेळ, मध्यंतर, साथीला वाद्यवृंद. तरी तो २२ आठवडे चालला. चित्रपट ही जत्रेतली करमणूक न राहता घरच्यांना घेऊन, बरे कपडे घालून जाण्याची गोष्ट झाली, यात या खेळाचा वाटा मोठा आहे. लंडनमध्ये राजा पाचव्या जॉर्जसमोर रॉयल अल्बर्ट हॉलमध्येही तो दाखवला गेला.

चित्रपट म्हणून? सिंह खरे आहेत आणि भीती वाटते. बाकी कॅमेरा बहुतेक वेळ पहिल्या रांगेतल्या सभ्य प्रेक्षकासारखा हाताची घडी घालून बसलेला आहे.

‘काबीरिया’ची गोष्ट थोडक्यात सांगता येईल का?

थोडक्यात अवघड आहे, पण बघू. ख्रिस्तपूर्व तिसरं शतक, रोम आणि कार्थेज यांचं दुसरं युद्ध. सिसिलीत एटना ज्वालामुखी फुटतो. काबीरिया नावाची चिमुरडी दाईबरोबर पळते आणि फिनिशियन चाच्यांच्या तावडीत सापडते. कार्थेजला विकली जाते. तिथला पुजारी तिला मोलोख देवाच्या पोटातल्या आगीत टाकायला निघतो. फुल्व्हियुस हा रोमन हेर आणि त्याचा बलदंड गुलाम माचिस्ते तिला वाचवतात, पण माचिस्ते पकडला जातो आणि कित्येक वर्षं जात्याला साखळदंडाने जखडून ठेवला जातो. मुलगी वेगळ्या नावाने राजकन्या सोफोनिस्बाची दासी म्हणून वाढते. मधल्या काळात कार्थेजचा सेनापती हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स ओलांडतो, आर्किमिडीज आरशांनी उन्हाची तिरीप एकवटून रोमन जहाजं जाळतो, सोफोनिस्बा प्रेम एकावर करते आणि लग्न दुसऱ्याशी होतं, शेवटी ती विष पिते. मग सुटका, जहाज, घर.

एक दृश्य आमच्याकडे हमखास टाळ्या घेतं. फुल्व्हियुसला कार्थेजच्या तटावर चढायचं असतं, म्हणून रोमन शिपाई एकमेकांच्या खांद्यांवर ढाली धरून थर लावतात. मागून कोणीतरी ‘गोविंदा आला रे’ म्हणतोच.

लोक ‘काबीरिया’ला एवढं का मानतात? हत्ती आणि मोठे सेट तर आधीही होते.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, आणि याचंच उत्तर बहुतेक ठिकाणी चुकीचं दिलेलं असतं. ‘भव्य होता म्हणून’ असं म्हणतात. भव्य तर होताच. साधारण दहा लाख लिरा खर्च आला असं सांगतात, तेही एका सर्वसाधारण चित्रपटाला पन्नास हजार पुरत असताना. चित्रण तोरिनोच्या स्टुडिओत, आल्प्समध्ये, सिसिलीत आणि ट्युनिशियात झालं. पण पैसा ओतला की खोली येतेच असं नाही. ‘काबीरिया’त खोली आहे, आणि ती आली कशी ते बघण्यासारखं आहे.

आपल्या जुन्या संगीत नाटकांचे पडदे आठवा. महालाचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा. खांब रंगवलेले, सावल्याही रंगवलेल्या. सुरुवातीच्या चित्रपटांत नेपथ्य असंच असायचं : मागे रंगवलेलं कापड आणि पुढे माणसं. कॅमेरा अगदी समोर आणि हलायचं नाही, कारण हलला की खांब कापडाचा आहे हे लगेच कळणार.

जोव्हान्नी पास्त्रोने हा ‘इताला फिल्म’चा दिग्दर्शक आणि कारभारी. शिक्षणाने हिशेबनीस, शिवाय व्हायोलिन वाजवणारा. त्याने सेट पडद्यावर न रंगवता लाकूड आणि प्लास्टरमध्ये खरोखर उभारले. खांबाला मागची बाजू होती, पायऱ्यांवर खरंच चढता येत होतं. आता एवढं उभारल्यावर ते ‘खरं’ आहे हे प्रेक्षकाला कळणार कसं? समोरून बघितलं तर प्लास्टरचा खांब आणि रंगवलेला खांब पडद्यावर सारखेच दिसतात. म्हणून त्याने कॅमेरा चाकांच्या गाड्यावर ठेवला आणि हळूहळू, बहुतेक वेळा तिरका, सेटच्या आत सरकवला. या गाड्याचं पेटंट त्याने १९१२ मध्येच घेतलं होतं. इटालियनमध्ये त्याला ‘कार्रेल्लो’ म्हणतात, आपले लोक ट्रॉली म्हणतात.

एसटीच्या खिडकीतून बघताना जवळची बाभळ झर्रकन मागे जाते आणि दूरचा डोंगर जागचा हलत नाही. डोळ्याला अंतर कळतं ते या फरकावरून. पास्त्रोनेच्या सरकत्या कॅमेऱ्यात पुढचा खांब मागच्या खांबावरून सरकतो आणि त्या क्षणी प्रेक्षकाला उमगतं, अरे, इथे जागा आहे, आत शिरता येईल. त्याआधी पडदा हे चित्र होतं, इथे ती खोली झाली.

आजच्या डोळ्यांना ही सरकती गती इतकी मंद वाटते की कित्येकांना ती जाणवतच नाही. मलाही पहिल्यांदा जाणवली नव्हती. लॅपटॉपवर पाहिला होता, आणि खरं सांगायचं तर हॅनिबल आल्प्स ओलांडत असताना मला डुलकी लागली. मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर सोफोनिस्बाच्या महालात कॅमेरा आत सरकला तेव्हा मी नकळत खुर्चीत पुढे झुकलो.

म्हणजे ट्रॉली शॉटचा शोध पास्त्रोनेने लावला?

नाही. कॅमेरा हलवणं त्याआधीपासून होतं. फ्रान्सच्या ल्युमिएर कंपनीचा कॅमेरामन प्रोमियो १८९६ सालीच व्हेनिसला गोंडोल्यात कॅमेरा ठेवून कालव्याकाठच्या इमारती टिपून आला होता. आगगाडीच्या पुढ्यात कॅमेरा बांधलेले चित्रपटही लोकप्रिय होते. पण त्यात वाहन हललं म्हणून कॅमेरा हलला. पास्त्रोनेने बांधलेल्या सेटमध्ये, नटांच्या अभिनयादरम्यान, ठरवून कॅमेरा सरकवला आणि ती रीत सबंध चित्रपटभर वापरली. पुढे अमेरिकेत अशा सरकत्या शॉटला काही काळ ‘काबीरिया’चंच नाव चिकटलं होतं. ‘पहिला कोण’ हा वाद सिनेमाच्या इतिहासात कधीच मिटत नाही, त्यात वेळ घालवू नये.

यात सेगुंदो दे चोमोन या स्पॅनिश तंत्रज्ञाचं नाव घ्यायलाच हवं. एटनाचा उद्रेक, प्रतिकृती आणि खरी माणसं एकत्र आणणं, कृत्रिम प्रकाशाने आगीचा लाल उजेड चेहऱ्यांवर खेळवणं यामागे त्याचा हात आहे. नावं सांगताना लोक पास्त्रोनेवर थांबतात, हे मला नेहमी खटकतं.

जाहिरातीत तर लेखक म्हणून दान्नुन्झिओचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. पास्त्रोनेचं कुठेच नाही!

हीच तर हिशेबनिसाची हुशारी. गाब्रिएले दान्नुन्झिओ हा तेव्हाचा इटलीचा सगळ्यात गाजलेला कवी. सावकारांना चुकवत १९१० पासून फ्रान्समध्ये राहत होता, त्यामुळे पैशाची नड होतीच. पास्त्रोने त्याच्याकडे गेला. सांगितली जाणारी रक्कम ५०,००० लिरा. त्या बदल्यात कवीने पाट्या आपल्या भरजरी भाषेत लिहून दिल्या, पात्रांना नावं दिली आणि मुख्य म्हणजे स्वतःचं नाव वापरू दिलं. ‘काबीरिया’ हे नाव त्याचंच, ‘माचिस्ते’ही त्याचंच. (माचिसशी काही संबंध नाही, दरवर्षी कोणीतरी विचारतं.) पास्त्रोने स्वतः ‘पिएरो फोस्को’ या टोपणनावाआड राहिला.

मोलोखच्या बळीच्या प्रसंगासाठी इल्देब्रांदो पिझ्झेत्तीने ‘अग्नीची सिंफनी’ रचली, बाकीचं संगीत मान्लिओ माझ्झाचं. १८ एप्रिल १९१४ रोजी तोरिनोच्या व्हित्तोरिओ एमान्वेले नाट्यगृहात पहिला खेळ झाला तो मोठ्या वाद्यवृंदाच्या आणि गायकवृंदाच्या साथीने. कवीचं नाव, ऑपेराचा थाट आणि नाट्यगृहाची खुर्ची यांमुळे ‘सिनेमा म्हणजे हलकं काम’ असं समजणारा वर्गही आला. जूनमध्ये अमेरिकेत गेला, तिथे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यासाठी व्हाइट हाउसच्या आवारात त्याचा खेळ झाला.

पाट्या मात्र वाचवत नाहीत. मूळ इटालियन जाणणारेही हेच सांगतात.

माचिस्ते कोण होता?

बार्तोलोमेओ पागानो, जेनोवा बंदरातला गोदी कामगार. अभिनयाचा अनुभव शून्य, खांदे मात्र दाराएवढे. चित्रपटाचा नायक खरं तर फुल्व्हियुस, पण प्रेक्षकांनी गुलामालाच डोक्यावर घेतलं. मग १९१५ पासून ‘माचिस्ते’च्या नावावर चित्रपटांची रांगच लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो आल्प्समध्ये शत्रूला उचलून आपटतो, १९२६ मध्ये थेट नरकात जातो. हा नरकातला माचिस्ते म्हणजे आपण लहानपणी पाहिलेला पहिला चित्रपट, असं इटालियन दिग्दर्शक फेलिनी सांगत असे. १९५७ च्या चित्रपटातल्या आपल्या नायिकेला त्याने ‘काबीरिया’ हे नाव दिलं, ते वाऱ्यावरून आलेलं नव्हे.

इथे एक अडचणीची गोष्ट आहे. ‘काबीरिया’त माचिस्ते आफ्रिकन गुलाम आहे, म्हणजे गोऱ्या पागानोला काळा रंग फासलेला आहे. पुढच्या चित्रपटांत तोच माचिस्ते कसलाही खुलासा न करता गोरा इटालियन होतो. लाडका झाला तसा रंग उतरला. १९६० च्या दशकात पिळदार शरीराच्या नटांचे जे स्वस्तातले रोमन-ग्रीक चित्रपट इटलीत धडाधड निघाले, त्यातही माचिस्ते परत आला. अमेरिकेत मात्र त्याचं नाव बदलून कधी हर्क्युलिस, कधी आणखी काही करून टाकलं जाई.

अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथने ‘काबीरिया’ची नक्कल केली का?

नक्कल म्हणणं अन्याय होईल, पण हत्ती बघा. ‘इन्टॉलरन्स’ (१९१६) मधल्या बॅबिलॉनच्या प्रचंड सेटवर खांबांच्या माथ्यावर मागच्या पायांवर उभे राहिलेले हत्ती आहेत. बॅबिलॉनच्या वास्तुकलेत असे हत्ती नव्हते. कार्थेजचे हत्ती मात्र दोन वर्षांपूर्वीच पडद्यावर येऊन गेले होते, तेही शिल्पांसकट.

त्याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. इटालियन लांब चित्रपट अमेरिकेत पैसा ओढत असतानाच, १९१३ मध्ये, ग्रिफिथने बायोग्राफ कंपनीत ‘जूडिथ ऑफ बेथुलिया’ हा चार रिळांचा चित्रपट केला. कंपनी लांबीला कुरकुरत होती, आणि त्याच वर्षी ग्रिफिथ कंपनीतून बाहेर पडला. लांब चित्रपट विकता येतो, हे इटलीने तिकीटबारीवर सिद्ध केलं नसतं तर त्याला पुढचे फायनान्सर शोधणं फार जड गेलं असतं.

फरकही आहे आणि तो मोठा आहे. ग्रिफिथ कापतो. इथून तिथे, तिथून चेहऱ्यावर. पास्त्रोने कापत नाही, सरकतो. पुढे हॉलिवुडने दोन्ही घेतलं. माझं मत विचाराल तर ग्रिफिथचं संकलन सगळे शिकले, पण पास्त्रोनेची जागेची जाण फार थोड्यांनी घेतली.

बॅबिलॉनच्या त्या कमानीची आणि हत्तींची प्रतिकृती हॉलिवुड बुलेव्हार्डवरच्या एका मॉलमध्ये २००१ पासून वीस वर्षं उभी होती. नंतर नूतनीकरणात हत्ती काढून टाकले.

आणखी कुठे प्रभाव दिसतो?

जर्मन ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) मध्ये यंत्राचं रूपांतर माणसं गिळणाऱ्या राक्षसात होतं आणि नायक ओरडतो, ‘मोलोख!’ उघडा जबडा, पायऱ्या, आत ढकलली जाणारी माणसं. ‘काबीरिया’तलं देऊळ पाहिलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. हॉलिवुडचा दिग्दर्शक डेमिल याचे बायबलपट याच वाटेवरचे.

या चित्रपटांमागे राजकारण होतं का?

होतं, आणि ते झाकायचं कारण नाही. लिबिया इटलीने १९११-१२ च्या युद्धात घेतला. दोन वर्षांनी पडद्यावर रोम उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला हरवतो, आणि कार्थेजचे लोक लहान मुलांना आगीत टाकतात. प्रेक्षकाला वेगळं भाषण द्यावं लागलं नाही.

आणखी एक धागा हातवाऱ्याचा. उजवा हात पुढे उंचावून करायचा तथाकथित ‘रोमन’ सलाम प्राचीन रोममध्ये रूढ होता असा पुरावा नाही. तो दिसतो फ्रेंच चित्रकार डेव्हिडच्या १७८४ सालच्या चित्रात, मग रंगभूमीवर, मग या मूकपटांत, ‘काबीरिया’तही. १९१९ मध्ये दान्नुन्झिओने फ्यूमे शहराचा ताबा घेतला तेव्हा त्याच्या लोकांत हाच सलाम रूढ झाला. तिथून मुसोलिनीच्या लोकांनी उचलला. पुढचं माहीतच आहे. म्हणून पास्त्रोनेला फॅसिस्ट ठरवणं चूक आहे, १९१४ मध्ये फॅसिझम जन्मलाही नव्हता. पण नाटकी कपाटातून उचललेला एक पोशाखी हातवारा खऱ्या रस्त्यावर कसा आला, हे बघताना अंगावर काटा येतो.

दादासाहेब फाळक्यांवर या चित्रपटांचा प्रभाव होता का?

मराठी माणसाने हा प्रश्न विचारणं साहजिक आहे. फाळक्यांनी स्वतः ‘नवयुग’ मासिकात लिहिलंय ते मुंबईत पाहिलेल्या ख्रिस्तपटाबद्दल, की हे बघताना आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी येतील असं मनात आलं. ठिणगी तिथली, त्यात इटलीला ओढून आणू नये. योगायोग मात्र सुरेख आहे : ज्या एप्रिल १९१३ मध्ये ‘कुओ वादिस’ न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टरमध्ये लागला, त्याच महिन्यात मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’चा खास खेळ झाला आणि ३ मे रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. एकीकडे खरे सिंह आणि संगमरवरी रोम, दुसरीकडे घरच्या मंडळींना हाताशी धरून काढलेला चित्रपट. दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती : बोलता न येणाऱ्या पडद्याला प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेली गोष्ट द्यावी.

खरा इटालियन धागा कोलकात्याशी आहे. मादन थिएटर्सने इटालियन दिग्दर्शक एउजेनिओ दे लिगुओरोकडून ‘नल दमयंती’ (१९२०) करून घेतला. १९२३ मध्ये मादन आणि इटालियन निर्माते यांनी मिळून ‘सावित्री’ केला, त्यात सावित्री झाली रीना दे लिगुओरो ही इटालियन नटी. पुढच्याच वर्षी तिने ग्वाझ्झोनीच्या चित्रपटात रोमची बदनाम सम्राज्ञी मेसालिना केली. आधी सत्यवानाची सावित्री, मग मेसालिना. नटीचा आवाका असावा तर असा.

मग ही लाट विरली कशी?

१९१५ मध्ये इटली युद्धात उतरली. बाजार बंद झाले, माणसं आघाडीवर गेली. तेवढ्यात हॉलिवुडने मैदान मारलं. युद्धानंतर १९१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन एक संघ काढला, तो काही वर्षांत बुडाला. जुनाच पत्ता पुन्हा टाकून पाहिला : १९२४ चा नवा ‘कुओ वादिस’, नीरो झाला जर्मनीचा एमिल यानिंग्स. चित्रणात सिंहाने एका एक्स्ट्राचा जीव घेतला, आणि चित्रपटही चालला नाही. त्याच सुमारास अमेरिकन ‘बेन-हर’चं युनिट चित्रणासाठी इटलीत आलं होतं आणि नंतर सगळा गाशा गुंडाळून कॅलिफोर्नियाला परतलं. रोमवर रोमपेक्षा मोठा चित्रपट आता तिकडे होणार होता.

आज बघायचा तर कसा बघावा?

‘लिंफेर्नो’पासून सुरुवात करा, तास-सव्वा तासात होतो. मग ‘काबीरिया’, शक्यतो दोन बैठकांत. आवृत्ती नीट बघून घ्या. पास्त्रोनेने स्वतः १९३१ मध्ये ध्वनी घालून काटछाट केलेली आवृत्ती काढली होती, आणि कित्येक वर्षं लोक तीच बघत होते. तोरिनोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पूर्ववत केलेली तीन तासांची आवृत्ती २००६ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली, ती मिळाली तर उत्तम.

माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर दोष चित्रपटाचा नाही. मूकपट सेकंदाला साधारण सोळा-अठरा चौकटींच्या वेगाने काढलेले असत, ते चोवीसच्या वेगाने चालवले की सगळे मुंग्यांसारखे धावतात. आणि ‘कृष्णधवल’ समजून बसू नका : रात्र निळी, आग लाल, अशी फिल्म रंगात बुडवून काढत. रंग नसलेली प्रत म्हणजे फोडणी न दिलेलं वरण. संगीत बंद करून तर मुळीच बघू नका. त्या काळी मूकपट कोणी मुक्याने पाहिला नाही.

पास्त्रोनेचं पुढे काय झालं?

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने चित्रपट सोडला, तेव्हा तो चाळिशीचा होता. उरलेलं आयुष्य वैद्यकीय उपचारांच्या यंत्रांवर संशोधन करण्यात घालवलं. १९५९ साली तोरिनोत वारला. शहरातल्या मोले आन्तोनेल्लियाना या उंच घुमटाच्या इमारतीत आता चित्रपट संग्रहालय आहे, आणि आत मोलोख बसलेला आहे. त्याच्या पोटाचं दार उघडंच असतं. लहान मुलं त्याच्यासमोर फोटो काढून घेतात.